पेशींची भाषा आणि औषधांचा बाजार

कर्करोग म्हणजे बाहेरून येऊन शरीरात ठाण मांडणारा शत्रू, ही समजूत अद्यापि सुशिक्षितांतही पुष्कळ प्रमाणात आढळते. पटकी किंवा क्षय या रोगांच्या बाबतीत अशी कल्पना यथार्थ ठरते, कारण त्यांचे जंतू खरोखरीच बाहेरून येतात. कर्करोगाला तंबाखू, किरणोत्सर्ग वा काही विषाणू निमित्त होतात हे खरे. परंतु रोग म्हणून जे काही वाढते, ते रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींतून वाढते. या पेशींना मिळणारे संदेश बिघडलेले असतात आणि त्यांना शेजारच्या पेशींशी बांधून ठेवणारे बंध सैल झालेले असतात. गेल्या शतकभरातील संशोधनाचे सार या एका वाक्यात सांगता येण्यासारखे आहे.

हे सार जीवशास्त्राच्या वर्गापुरतेच राहिले असते, तर दैनिकाच्या वाचकाला त्याची मातब्बरी वाटण्याचे कारण नव्हते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १४ लाखांहून अधिक नव्या रुग्णांची भर पडली आणि ९ लाखांहून अधिक माणसे या रोगाने दगावली. पेशींच्या संदेशांचे ज्ञान वापरून तयार झालेली औषधे आज उपलब्ध आहेत; त्यांनी काही रुग्णांना अक्षरशः जीवदान दिले आहे; आणि त्यांपैकी अनेकांची किंमत बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणूनच पेशींच्या या व्यवहाराकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते. हे ज्ञान कोणाच्या पैशाने निर्माण झाले, त्यातील कोणता भाग बाजाराने उचलला आणि कोणता पडून राहिला, याचा हिशेब मांडल्यावाचून कर्करोगाच्या उपचारांचे कोणतेही धोरण शहाणपणाचे होणार नाही.

संदेशांची साखळी

शरीरातील पेशी आपल्या मर्जीने वाढत नाही. जखम भरून काढावयाची असेल वा झिजलेली त्वचा बदलावयाची असेल, तर आसपासच्या पेशी वाढीस प्रवृत्त करणारे प्रथिन सोडतात. ते प्रथिन दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला जाऊन भिडते. त्यासरशी पेशीच्या आत संदेशाची साखळी सुरू होते. कचेरीच्या टपाल खिडकीवर आलेला अर्ज टेबलाटेबलावरून पुढे सरकत अखेर साहेबांपर्यंत पोहोचावा, तसा हा संदेश एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात पेशीकेंद्रापर्यंत पोहोचतो आणि मग विभाजनाची आज्ञा सुटते. काम झाले की साखळी थांबते. कर्करोगाच्या पेशीत मधल्याच एखाद्या टेबलावरचा शिक्का अडकून बसलेला असतो. बाहेरून अर्ज आलेला नसतानाही मंजुरी पडतच राहते.

ही गोष्ट कळावयास फार मोठा काळ लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील पेटन रौस यांनी १९११ साली कोंबडीच्या गाठीतील गाळलेल्या द्रवाने दुसऱ्या कोंबडीत तीच गाठ उत्पन्न होते, असे दाखविले. त्या द्रवात विषाणू होता. माणसाच्या कर्करोगाशी याचा संबंध काय, असे म्हणून बहुतेकांनी त्याकडे दुर्लक्ष केले. रौस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते तब्बल ५५ वर्षांनी, १९६६ साली. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियातील मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून आश्चर्यकारक गोष्ट सिद्ध केली. गाठ उत्पन्न करणारे विषाणूचे जनुक मुळात विषाणूचे नव्हतेच. ते निरोगी पक्ष्यांच्या पेशींतच असते आणि विषाणूने ते कधी काळी तेथून उचललेले होते. म्हणजे कर्करोगाचे बीज निरोगी पेशीच्याच नित्याच्या यंत्रणेत होते. या शोधाबद्दल दोघांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जनुक ज्या प्रथिनाची आज्ञा देते, ते करते तरी काय? दुसऱ्या प्रथिनांमधील टायरोसीन या घटकाला फॉस्फेटचा कण जोडणे, हे त्याचे काम. हा कण म्हणजे संदेश पुढे सरकविणारा शिक्का होय. अशा प्रकारचा शिक्का अस्तित्वात आहे हे टोनी हंटर यांच्या ध्यानात आले १९७९ साली, आणि तेही एका योगायोगाने. प्रयोगातील द्रावण जुने झाल्यामुळे त्याची आम्लता किंचित बदलली होती. त्यामुळे एरवी एकत्र दिसणारे दोन पदार्थ त्या दिवशी वेगळे झाले. ताजे द्रावण वापरले असते, तर कदाचित हा शोध आणखी काही काळ लांबला असता. कोंबडीची गाठ आणि शिळे द्रावण यांत पैसा गुंतविण्याची बुद्धी कोणत्याही व्यापाऱ्याला झाली नसती, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवणे इष्ट आहे.

सुटलेले बंध

पेशी नुसती वाढून भागत नाही. एका जागी वाढलेली गाठ बहुधा शस्त्रक्रियेने काढून टाकता येते. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू गाठ मूळ जागेवरून इतरत्र पसरल्यामुळे होतात, आणि हे पसरणे पेशींच्या बंधांशी निगडित आहे.

निरोगी ऊतीत पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. क्योटो विद्यापीठातील मासातोशी ताकेइची यांनी सत्तरच्या दशकापासून या धरून राहण्याचा अभ्यास केला. कॅल्शियम काढून घेतले की पेशी एकमेकींपासून सुटतात आणि ते परत दिले की पुन्हा चिकटतात, या साध्या निरीक्षणातून त्यांनी पेशींना सांधणाऱ्या प्रथिनांचा एक गट शोधून काढला आणि त्याला कॅडहेरिन असे नाव दिले. त्वचा, आतडे, स्तन यांच्या आवरणातील पेशींना ई-कॅडहेरिन हे प्रथिन जोडून ठेवते. स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात हे प्रथिन बहुधा नाहीसेच झालेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी गाठीत न राहता एकामागून एक रांगेने ऊतीत शिरताना दिसतात. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे जठराच्या कर्करोगाने मरत होती. १९९८ साली त्यामागील कारण उजेडात आले: ई-कॅडहेरिनच्या जनुकातील दोष वारशाने चालत आलेला होता. पेशीला पेशीशी बांधणारा धागा तुटणे हे कर्करोगाचे मूळ कारण असू शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा त्यापूर्वी मिळालेला नव्हता.

संदेश आणि बंध ही दोन वेगळी खाती नाहीत. बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन निरोगी पेशीत कॅडहेरिनच्या आतील टोकाला धरून बसते. त्यातले जास्तीचे प्रथिन पेशी स्वतःच नष्ट करून टाकते. ही नष्ट करण्याची व्यवस्था मोडली, आणि मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत ती मोडलेली असते, तर तेच प्रथिन साचत जाऊन पेशीकेंद्रात शिरते आणि वाढीच्या आज्ञा सोडू लागते. इंटेग्रिन या दुसऱ्या गटातील प्रथिने पेशीला तिच्या पायाखालच्या तंतुमय जाळ्याशी बांधतात आणि ‘आधार आहे’ अशी वर्दी सतत आत पोहोचवितात. आधार सुटलेली निरोगी पेशी स्वतःहून मरते. कर्करोगाची पेशी मात्र आधार नसतानाही तो असल्याची खोटी वर्दी आत देत राहते आणि रक्तप्रवाहातून दूरवर जाऊनही जिवंत राहते.

ती कोठेही रुजते असे मात्र नाही. इंग्लंडमधील शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि यकृतासारख्या काही अवयवांतच रोग वारंवार का उतरतो, असा प्रश्न विचारला. बी सर्वत्र पडत असले तरी ते मानवणाऱ्या जमिनीतच उगवते, असे त्यांचे उत्तर होते. आजचे शास्त्र ते बी आणि ती जमीन यांच्यामधील संभाषण ऐकू लागले आहे, एवढाच फरक.

ज्ञान सर्वांचे, औषध एकाचे

संदेशाची साखळी कळल्यावर तिच्यावर घाव घालणारे औषध शोधणे शक्य झाले. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळते, हे फिलाडेल्फियातील दोन संशोधकांनी १९६० साली दाखविले. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ते ९ आणि २२ या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीने बनते, असे सिद्ध केले. या अदलाबदलीतून जे नवे प्रथिन जन्माला येते, त्याचा शिक्का कधीच थांबत नाही. तो शिक्का अडविणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. जो रोग पूर्वी काही वर्षांत माणसाचा घास घेत असे, तो रोज एक गोळी घेऊन आटोक्यात ठेवता येऊ लागला. वैद्यकाच्या इतिहासात असे विजय विरळाच.

या विजयातील वाटेकरी कोण? रौस यांच्या प्रयोगशाळेला एका धनिकाच्या दानाचा आधार होता. बिशप आणि व्हार्मस यांना अमेरिकी सरकारचे अनुदान होते. ताकेइचींचे काम जपानच्या सरकारी विद्यापीठात झाले. औषधाचे रसायन घडविणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञांचे कौशल्यही निःसंशय मोठे होते. परंतु कोठे घाव घालावयाचा ही जागा चाळीस वर्षांच्या खुल्या संशोधनाने त्यांना दाखवून दिली होती. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूचे जे लक्षण सांगितले, ते अशा ज्ञानाला तंतोतंत लागू पडते: एकाने वापरले म्हणून दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६२ साली त्यापुढचा निष्कर्ष काढला. ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो त्याचे मोल एकट्याला वसूल करता येत नाही, म्हणून बाजारावर सोपविल्यास असे ज्ञान समाजाला हवे त्यापेक्षा कमी निर्माण होते. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे सरकारी अनुदान आणि दुसरा म्हणजे पेटंट. कर्करोगाच्या क्षेत्रात मुळाला पाणी घातले पहिल्याने आणि फळाला कुंपण घातले दुसऱ्याने.

या कुंपणाची उंची किती असावी, हा प्रश्न भारताने दोनदा सोडविण्याचा प्रयत्न केला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या केवळ निर्मितिप्रक्रियेवर पेटंट ठेवले, खुद्द औषधावर नव्हे. भारतीय औषध उद्योगाची भरभराट या तरतुदीमुळे झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून औषधांवरही पेटंट देणे भाग पडले, तेव्हा संसदेने कायद्याच्या कलम ३(ड) मध्ये एक खबरदारी घातली: जुन्या पदार्थाचे नुसते नवे रूप पुढे केल्यास, त्याची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज, पेटंट मिळणार नाही. इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने केलेला अर्ज याच कलमाखाली नाकारला गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. त्या वेळी कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध सुमारे ८ ते १० हजार रुपयांत मिळत होते. आपण पुष्कळ भारतीय रुग्णांना हे औषध विनामूल्य देतो, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि ते निराधार नव्हते. परंतु देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असलेले दान आणि रुग्णाला परवडणारा भाव यांत अंतर आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. मूत्रपिंड आणि यकृत यांच्या कर्करोगावरील सोराफेनिब हेही संदेशाची साखळी तोडणारेच औषध. बायर कंपनी त्यासाठी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये घेत असे. त्या काळच्या कनिष्ठ लिपिकाच्या वर्षभराच्या पगारातूनही ही महिन्याची किंमत भागली नसती. मार्च २०१२ मध्ये पेटंट महानियंत्रकांनी नॅटको या भारतीय कंपनीला ते बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ९ हजार रुपयांच्या आत आली. मूळ कंपनीला स्वामित्वशुल्क देण्याची अटही त्यात होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली हा निर्णय उचलून धरला. भारताने औषधावर दिलेला हा पहिलाच सक्तीचा परवाना होता, आणि त्याच्या पाठीमागून दुसरा दिला गेल्याचे उदाहरण नाही. तरतूद कायद्यात असणे आणि ती वापरण्याची धमक शासनात असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बाजार न विचारणारे प्रश्न

औषधांच्या किमतीवर आपल्याकडे बरीच चर्चा झाली आहे. तिच्यापेक्षा खोल असा दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. ज्या ज्ञानातून पेटंट घेण्याजोगी वस्तू निर्माण होत नाही, त्या ज्ञानाचे काय होते?

रोगप्रतिकारक पेशींनाही थांबविणारे संदेश असतात. कर्करोगाच्या पेशी त्यांचा गैरफायदा घेऊन पहारेकऱ्याला झोपवितात. हा संदेश अडविणारे निव्होल्युमॅब हे औषध ज्या शोधावर उभे आहे, त्याबद्दल क्योटोचे तासुकू होन्जो यांना अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशाला या औषधाची गरज आहे, परंतु पूर्ण मात्रेचा खर्च अगदी मोजक्या कुटुंबांना झेपतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला: नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी औषध पुरेल काय? डोके आणि मान यांच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना स्वस्त गोळ्यांचा उपचार दिला आणि उरलेल्यांना त्याच गोळ्यांबरोबर दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होल्युमॅब. एका वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. पूर्ण मात्रेशी तुलना या चाचणीत नव्हती, हे ध्यानात ठेवावयास हवे. तरीही ज्याला पूर्ण मात्रा मिळण्याची शक्यताच नाही, त्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. आपल्या मालाचा खप दहापट घटविणारी चाचणी कोणती कंपनी आपल्या खर्चाने करील?

मात्रेसारखाच कालावधीचाही प्रश्न आहे. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात एक ग्राही प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले असते. त्यावरील ट्रॅस्टुझुमॅब हे औषध वर्षभर देण्याची प्रथा पडली. ते सहा महिने दिले तर चालेल काय, हे ब्रिटनमध्ये सार्वजनिक निधीतून सुमारे ४ हजार स्त्रियांवर तपासण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार चार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण सहा महिन्यांच्या गटात ८९.४ टक्के आणि वर्षभराच्या गटात ८९.८ टक्के होते; हृदयावरील दुष्परिणाम मात्र पहिल्या गटात कमी होते. फ्रान्समधील तशाच चाचणीने इतका स्वच्छ कौल दिला नाही, म्हणून सर्वत्र एकच नियम लावणे घाईचे ठरेल. परंतु औषध अर्ध्या काळात थांबविता येईल काय, हा प्रश्न ब्रिटन आणि फ्रान्स या दोन्ही देशांत सार्वजनिक संस्थांनाच विचारावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे.

सर्वांत उद्‌बोधक उदाहरण लिग्नोकेनचे. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करण्यासाठी दिले जाते ते हे इंजेक्शन. पेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग ते बंद करते, आणि हे मार्ग कर्करोगाच्या पेशींच्या हालचालींना साहाय्य करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले होते. गाठीवर सुरी चालते त्या क्षणी काही पेशी सुटून निघत असतील, तर त्याआधीच गाठीभोवती हे इंजेक्शन देऊन त्यांची वाट अडविता येईल काय? टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने भारतातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. इंजेक्शन घेतलेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर ९०.१ टक्के हयात होत्या. न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. हा फरक वरकरणी लहान वाटेल. परंतु दर २७ स्त्रियांमागे एक जीव वाचतो असा त्याचा अर्थ होतो, आणि तोही अत्यल्प खर्चात. हे निष्कर्ष अन्यत्र पडताळून पाहिले जावेत, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र या औषधाचे पेटंट केव्हाच संपलेले आहे आणि त्याच्या वाढलेल्या खपातून कोणाचाही विशेष लाभ होण्यासारखा नाही. ज्या चाचणीचा लाभ सर्वांना मिळतो आणि नफा कोणालाच मिळत नाही, ती चाचणी सार्वजनिक पैशानेच होऊ शकते. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील संस्थेने ती केली, हा योगायोग नव्हे.

पेशींच्या बंधांवर थेट घाव घालणारी औषधे शोधण्याचे खाजगी प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. इंटेग्रिन अडविणारे सिलेंजिटाइड मेंदूच्या कर्करोगावरील मोठ्या चाचणीत २०१४ साली अपयशी ठरले. पेशी आपले बंध प्रसंगानुरूप बदलतात आणि तीच प्रथिने निरोगी ऊतींनाही लागतात, म्हणून हे काम अवघड आहे. अशा अवघड जागी अनेक वर्षे टिकून राहणे नफ्यातोट्याच्या वार्षिक हिशेबाला परवडत नाही. रोग पसरण्याच्या प्रश्नावर म्हणूनच सार्वजनिक संशोधनाची जबाबदारी अधिक वाढते.

आक्षेप आणि कर्तव्य

यावर दोन आक्षेप घेतले जातील. भरघोस नफ्याची आशा नसेल तर नवी औषधे येणारच नाहीत, हा पहिला. तो पूर्णतः फेटाळण्याजोगा नाही. औषध माणसांपर्यंत आणण्यात मोठी जोखीम असते आणि तिचा मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु मोबदला आणि मनमानी यांत फरक करावा लागतो. इमॅटिनिबची अमेरिकेतील वार्षिक किंमत २००१ साली सुमारे ३० हजार डॉलर होती, ती २०१२ पर्यंत ९२ हजार डॉलरवर गेली. औषध तेच, गोळी तीच. २०१३ साली या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र येऊन या किमतींविरुद्ध जाहीर लेख लिहिला, त्यांत श्रीमंत देशांतील डॉक्टर मोठ्या संख्येने होते. दुसरा आक्षेप सरकारी संशोधनाच्या सुस्तीचा. सरकारी कामातील दिरंगाई कोणाला अपरिचित आहे? पण त्यावरचा उपाय म्हणून निधीच तोडणे म्हणजे एस.टी. उशिरा येते म्हणून रस्ताच उखडण्यासारखे आहे.

मुंबईला या बाबतीत चांगली परंपरा आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांच्याच नेतृत्वाखाली उभे राहिले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. या कामांतून कोणतीही विक्रीयोग्य वस्तू बाहेर पडली नाही. तरीही आजच्या चाचण्या त्याच पायावर उभ्या आहेत. पाया दिसत नाही म्हणून तो फुकट पडलेला असतो, असे नाही.

आता करावयाचे काय? भारत आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी रक्कम संशोधनावर खर्च करतो. तिच्यातून पेटंट संपलेली औषधे, कमी मात्रा आणि कमी कालावधी यांच्या चाचण्यांसाठी वेगळा आणि कायमचा निधी राखून ठेवला पाहिजे. अशी एक यशस्वी चाचणी सरकारी रुग्णालयांचा जो खर्च वाचविते, त्यातून पुढच्या अनेक चाचण्यांचा खर्च निघू शकतो. खरेदीच्या बाबतीतही मार्ग दिसू लागला आहे. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी ४० औषधांची खरेदी एकत्रितपणे केली, तेव्हा खर्चात सुमारे ८२ टक्के बचत झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. विकणारा एकटा असेल तर घेणाऱ्यांनीही एकत्र यावे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते; ते आपल्या सर्व राज्यांच्या आरोग्य खात्यांनी अमलात आणावयास हवे. सक्तीच्या परवान्याची तरतूदही शोभेची वस्तू म्हणून ठेवलेली नाही. तंबाखूच्या बाबतीत तर औषधाची वाट पाहण्याचेही कारण नाही. पेशींच्या संदेशात बिघाड करणारे पदार्थ पानाच्या ठेल्यावर उघड विकले जात असताना प्रयोगशाळेने कितीही शोध लावले तरी ते अपुरेच पडणार.

यात शिक्षकांचाही वाटा आहे. कर्करोग हा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही, तो शेजारी बसल्याने लागत नाही, आणि त्याची गाठ लवकर सापडली तर पेशी बंध तोडून निघण्यापूर्वी तिचा निकाल लावता येतो, एवढे जरी माध्यमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला समजले, तरी पुष्कळ घरांतील विलंब टळेल. हे ज्ञान कोणत्याही पेटंटच्या कुंपणात नाही. ते निर्माण करण्यासाठी समाजाने पैसा दिला आहे. त्याचा लाभ समाजापर्यंत पोहोचविण्यासाठी लागणारा उरलेला खर्च करण्यास शासनाने मागेपुढे पाहू नये.